कडेची पात

पुतणी जर्मनीकडून खेळते, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होतो. कुरकुंभला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सांगितलं, दौंडला रेल्वे कॉलनीत सांगितलं, गावी कवठे येमाईला सांगितलं, दोन लग्नांत सांगितलं आणि एका दहाव्यालाही सांगितलं. दहाव्याला सांगायला नको होतं, पण विषय निघाला. म्हणजे मीच काढला.

खरी गोष्ट अशी की ती जर्मनीच्या संघात नव्हती. जर्मनीतल्या एका लहानशा गावाच्या क्लबात होती, तोही तिसऱ्या लीगमधला. आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. वस्तू आहे तशी सांगितली तर ऐकणारा चहा संपवून उठून जातो, म्हणून मी थोडं पाणी घालतो. बायको म्हणते, थोडं नाही, तुम्ही टँकर घालता.

पोरगी माझ्या थोरल्या भावाची. भाऊ कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला आणि तिथलाच झाला. ती तिथेच जन्मली, पासपोर्ट तिथला, शिक्षण तिथलं. शाळेपासून फुटबॉल. अमेरिकेत त्याला सॉकर म्हणतात, आमचे आबा, म्हणजे माझे वडील, त्याला चेंडू म्हणतात. तिथं कॉलेजात खेळणाऱ्या पोरी ढिगानं, पण कॉलेज संपलं की खेळून पोट भरायला जागा मोजक्या. मग त्यातल्या हट्टी पोरी बॅगा भरतात आणि जर्मनीचा रस्ता धरतात. तिथं छोट्या छोट्या गावांचे क्लब असतात. ते राहायला खोली देतात, थोडा पगार देतात, आणि खेळ चांगला झाला तर वरच्या लीगचं दार उघडं असतं. आमची पोरगी अशाच एका खोलीत आणखी दोन अमेरिकन पोरींबरोबर राहत होती. सकाळी बेकरीत काम, दुपारी सराव, रविवारी सामना. तिची जागा बचावात, आपल्या गोलच्या पुढ्यातल्या चौघींच्या फळीत.

तिचं मराठी आबांकडून आलेलं. दर रविवारी आबांचा फोन, आणि आबा बोलणार गावाकडचं. त्यामुळे अमेरिकेत वाढलेली, पायात पांढरेशुभ्र बूट घातलेली ही पोरगी तोंड उघडलं की ऐंशी वर्षांच्या शेतकऱ्यासारखी बोलते. दौंड स्टेशनवर उतरल्या उतरल्या ती मला म्हणाली, "काका, लई दमला दिसताय. पोट बी वाढलंय."

ती आली ते डिसेंबरच्या मध्याला. सामन्यांची हिवाळी सुट्टी लागली होती आणि तिच्या क्लबनं तिचा करार पुढे चालवायला नकार दिला होता. खोली क्लबची, त्यामुळे खोलीही गेली. तिच्या हातात एकच गोष्ट उरली होती: दुसऱ्या लीगच्या एका क्लबनं जानेवारीच्या उत्तरार्धात दहा दिवस पारखायला बोलावलं होतं. पसंत पडली तर ठेवणार, नाही तर नाही.

"मग मधले चार आठवडे घरी, अमेरिकेला का नाही गेलीस?" बायकोनं विचारलं.

"घरी गेले आस्ते तर पप्पांनी परत सोडलं नसतं," ती म्हणाली. "इंटरव्ह्यू बी ठरवलाय त्यांनी. हापिसातला."

मग दादाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. दादा म्हणाला, "दोन वर्षं झाली. तिच्या बरोबरीच्या पोरी नोकरीत स्थिर झाल्या. ही पाव भाजते. यावेळी नाही जमलं तर संपलं, सरळ घरी यायचं. कबूल आहे का विचार तिला."

ती माझ्या शेजारीच बसून भाकरी खात होती. "कबूल हाय," ती म्हणाली.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "दादा, तू काळजी करू नकोस. सरावाची सगळी जबाबदारी माझी."

 दादा म्हणाला, "तू खो-खोत गुण लिहायला बसायचास ना?"

सेकंड शिफ्ट असल्यानं माझ्या सकाळी मोकळ्या होत्या. रेल्वेच्या मैदानावर सकाळी कॉलनीतली माणसं खेळतात. कोणी रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन, कोणी ऑफिसातला, दोघं-तिघं बिहारकडचे नवीन भरती झालेले. त्यांचे गुरू म्हणजे एक निवृत्त गार्ड, ज्यांना सगळे मामा म्हणतात. तरुणपणी मामा रेल्वेच्या टीममधून खेळलेले. गुडघे गेले तसे बाकड्यावर बसून सगळ्यांना नावं ठेवतात.

चार दिवस मामांनी पोरीचा खेळ पाहिला आणि पाचव्या दिवशी मला बाकड्यावर बोलावलं. "पळते चांगली," ते म्हणाले. "चेंडू कुठं पडणार ते तिला आधी कळतं. डावा पाय, उजवा पाय, दोन्ही आहेत. पण मुकी आहे."

"म्हणजे?"

"अहो, मागे उभा असतो त्याला सगळं मैदान दिसतं. त्यानं बोलायचं असतं. तू पुढे हो, तू मागे ये, डावीकडचा माणूस बघ. ही बोलतच नाही. आपली आपण पळते, दुसऱ्याची चूक स्वतः जाऊन निस्तरते, तोवर हिची जागा रिकामी. चौघांची फळी आहे, हिच्यामुळे ती फळी राहत नाही."

मी घरी जाऊन तिला हे सांगितलं, तेव्हा ती हातातलं ताट बाजूला ठेवून म्हणाली, "म्हाईत हाय मला. करार त्याच्यामुळंच गेला. कोचनी लिहूनच दिलंय, ही बोलत न्हाई."

"मग बोल की."

"काका, माझं जर्मन मोडकंतोडकं. काय म्हणायचं ते मनात जुळवून हुईपर्यंत चेंडू गेलेला आसतो. आन् चुकीचं बोलले की सगळ्या हसत्यात. मग म्हटलं, आपुनच पळावं."

मामांना शिकवता येईल का, असं मी विचारलं. मामा म्हणाले, "मी छत्तीस वर्षं हिरवी झेंडी, लाल झेंडी आणि शिट्टी यावर नोकरी केली. तोंड उघडायचं काम ड्रायव्हरचंही नाही आणि गार्डचंही नाही. मी काय आवाज शिकवणार?" शिवाय मैदानावरची माणसं तिला फार मान द्यायची. ती समोर आली की, "घ्या ताई, तुम्ही घ्या," म्हणून चेंडू सोडायची. असल्या सभ्य लोकांवर ती काय ओरडणार.

नाताळच्या सुमारास तिला आबांकडे कवठ्याला घेऊन गेलो. शिरूरला थांबून मिसळ खाल्ली, तिनं दोन खाल्ल्या, मी तीन, सराव तिचा चालला होता तरी.

गावी खुरपणीची सावड चालू होती. सावड म्हणजे पैशाचा व्यवहार नाही. आठ घरच्या आठ बाया. आज सगळ्या हिच्या रानात, उद्या तिच्या रानात, अशी फिरती पाळी. आबांच्या घरून एरवी माझी बायको रजा काढून जाते. यंदा तिला, ती नोकरीला आहे त्या शाळेतून, रजा मिळाली नव्हती आणि आबांची जागा रिकामी होती. आबा चिंतेत होते, कारण माणूस दिला नाही तर आपल्या कांद्याच्या पाळीला कोणत्या तोंडानं बोलवायचं.

पोरगी म्हणाली, "मी जाती."

आबा म्हणाले, "तुला तारीख हाय म्होरं. हाताला फोड येतील."

"आबा, चेंडू हातानं खेळत न्हाईत."

सावडीच्या म्होरक्या म्हणजे एक मावशी. बुद्धविहाराला लागून त्यांचं घर, दीड एकर रान, मुलगा शिरूरला बँकेत. मुलगा म्हणतो आता राबू नका, मावशी म्हणतात मग काय तुझ्या बँकेत बसून लोकांची तोंडं बघू. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला पंचा, हातात खुरपं. मला पाहून म्हणाल्या, "हीच का ती जर्मनीची राणी? आन् करार का काय तो गेला म्हणं?"

गावभर माझी गोष्ट पसरायला दोन वर्षं लागली होती. खरी बातमी दोन दिवसांत पोचली.

पहिल्या दिवशी हरभऱ्याचं रान होतं. बायांनी बांधाला पाठ लावून रांग धरली. प्रत्येकीची आपली पात, म्हणजे आपल्या समोरची पट्टी. बसून खुरपत पुढं सरकायचं ते समोरच्या बांधापर्यंत. मी बांधावर उभा राहून बघत होतो, म्हणजे देखरेख करत होतो. पोरीनं खुरपं हातात घेतलं आणि अर्ध्या तासात ती बाकीच्यांच्या पंधरा हात पुढे.

"ए अमेरिका," मावशींनी हाक मारली. "कुठं निघालीस? तिकडं नदी हाय."

बाया हसल्या. पोरगी थांबली.

"बक्षीस न्हाई इथं. आठजणींनी एका टायमाला बांधाला लागायचं. तू फुडं गेलीस म्हंजी सातजणी मागं ऱ्हायल्या. माघारी ये."

ती माघारी आली. मग तिचं उलटंच सुरू झालं. शेजारची बाई मागं पडली की ही गुपचूप तिच्या पातीत हात घालायची, तिचं तण उपटायची आणि परत आपल्या जागी. एकीचं झालं की दुसरीचं. दुपारपर्यंत तिची स्वतःचीच पात सगळ्यात मागं. मी मनात म्हटलं, किती गुणाची पोर. मावशींचं मत वेगळं पडलं. जेवायला बसल्यावर त्या म्हणाल्या, "पोरी, माझं तण तू मुकाट्यानं काढलंस. मला वाटलं, माझं काम चोख झालं. उद्या तू नसलीस म्हंजी मी तसंच तण सोडत जाणार. मदत न्हवं ती. हाक मार की. मावशी, डावीकडं ऱ्हायलं, म्हण."

"मोठ्या माणसांस्नी कसं सांगू?"

"पातीत बसली ती पातीतली. रानात मोठं-धाकटं नसतं."

"माझं बोलणं ऐकून हसत्यात सगळ्या."

मावशींनी ठेच्याचं बोट चाटलं. "हसू दे. हसत्यात, पर हालत्यात. तुला हसू थांबवायचंय का माणूस हालवायचंय?"

जेवणानंतर मावशींनी तिला कडेच्या पातीवर बसवलं. कडेची पात म्हणजे रांगेचं टोक. तिथून सगळ्याजणी एका नजरेत दिसतात. रांग सरळ ठेवायची ती तिथल्या बाईनं; कोण मागं, कोण पुढं, कुणाचं तण राहिलं, हे सगळं तिनं बोलायचं. ती जागा एरवी मावशींची. मावशी उठून मधे जाऊन बसल्या आणि मुद्दाम सावकाश खुरपायला लागल्या.

बराच वेळ पोरगी गप्प. रांग वाकडी झाली, पार नांगरासारखी. तिची मान इकडे तिकडे फिरत होती, म्हणजे दिसत होतं सगळं. शेवटी एकदाची म्हणाली, "मावशी, फुडं या."

"ऐकू न्हाई आलं."

"मावशी, फुडं या की."

"बांधावरच्या त्या ढेरीवाल्याला ऐकू आलं का बघ."

तो ढेरीवाला मी. मी नाही म्हणून हात हलवला. ऐकू आलं होतं, पण एवढं तरी आपण करावं.

तेव्हा ती ओरडली. आबांच्या आवाजात ओरडली, असं मला वाटलं. बाया हसल्या, आणि हसत हसत रांग सरळ झाली.

त्यानंतर दोन आठवडे आमचं ठरून गेलं. तीन दिवस दौंडला मैदान, चार दिवस कवठ्याला सावड. मी मोटरसायकलवर नेणार-आणणार, आणि शिफ्टला कंबर धरून हजर होणार. कॅन्टीनमध्ये एकानं विचारलं, काय, कोचसाहेब? मी म्हटलं, कोच नाही, ड्रायव्हर. दोन वर्षांत मी पहिल्यांदाच कमी सांगितलं. तिचे पांढरे बूट हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेनं पिवळे पडले, हाताला खरोखर फोड आले आणि आवाज बसला. दौंडला मामा म्हणाले, "आता बोलते. पण तिथं बाया ओळखीच्या आहेत, इथं माणसं 'घ्या ताई' म्हणतात. पळणाऱ्या माणसांसमोर चौघांची फळी हलवून दाखवू दे, मग खरं."

मग जानेवारीत आबांच्या कांद्याची पाळी आली. आठ बाया आमच्या रानात येणार, तो दिवस. आदल्या दिवशी पोरगी मावशींकडे गेली आणि म्हणाली, "आमच्या घरचा दिवस मला द्या. कांद्यात न्हाई, मैदानात."

मावशी म्हणाल्या, "दिवस तुमचा. पर कांदा आबांचा हाय. त्यांना इचार."

कांद्यात तण चांगलंच माजलं होतं. आबांनी वाफ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. म्हणाले, "तण फुडल्या आठवड्यात बी असंलच. तारीख न्हाई थांबायची."

"पण आबा, खुरपणार कोण?" मी विचारलं. विचारल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी म्हणालो, "मी खुरपतो. एक अर्धा एकर, त्यात काय." टँकर घालायची सवय वाईट.

आबांचं बाजरीचं रान मोकळंच होतं. दौंडहून पिकअपमधून मैदानावरचे सहाजण आले, मामा पुढच्या सीटवर. गोल म्हणून मुठी वर करून रोवलेली दोन खुरपी आणि मधे मी, कारण तिथं पळावं लागत नाही. माझ्यापुढं चौघींची फळी: पोरगी, मावशी आणि आणखी दोघी. साड्या खोचलेल्या, वर शर्ट. बाकीच्या चौघी बांधावर बसून बोलणार. पोरीनं बायांना एवढंच समजावलं, की समोरचा माणूस आपल्या पाठीमागं जाऊन उभा राहतो. त्याला चेंडू जायच्या आधी आपण चौघींनी एका दमात पुढं सरकायचं. चौघी एका रांगेत पुढं गेल्या की तो मागं उघडा पडतो, आणि त्याला दिलेला चेंडू बाद, यालाच ऑफसाइड म्हणतात.

"म्हंजी पातच की," मावशी म्हणाल्या.

पहिले चार चेंडू माझ्या अंगावरून गोलमध्ये गेले. एक पोटाला लागला. "घ्या ताई" म्हणणारी माणसं मावशींना बघून सभ्यपणा विसरून बिनघोर खेळत होती, कारण मावशींनी पहिल्याच धावेत पॉइंट्समनला कोपरानं बाजूला केलं होतं. पाचव्यांदा तो पॉइंट्समन हळूच पाठीमागं सरकला. पोरीची मान फिरली.

"मावशी, फुडं. रांग धरा. चला."

आवाज बसलेला, पण तो बांधापर्यंत गेला. चौघी पुढं सरकल्या. एका रेषेत, हरभऱ्यात सरकतात तशा. चेंडू गेला, पॉइंट्समननं घेतला, माझ्यासमोर तो एकटा उभा. आणि बांधावरून मामांनी लाल झेंडी वर केली. घरून आणली होती, दाखवायला कुणी नव्हतं इतकी वर्षं.

पॉइंट्समन म्हणाला, "मामा, मी कुठं चुकलो?"

"तू नाही चुकलास. त्या पुढं गेल्या."

दुपारपर्यंत ती झेंडी नऊदा वर झाली. तीनदा फळी फाटली, तेव्हा पोरीनं फळी फाडणाऱ्या बाईला तिथल्या तिथं सांगितलं, आणि ती बाई तिच्या आईच्या वयाची होती.

दोन दिवसांनी मी तिला दौंडहून गाडीत बसवलं. बूट धुतले होते, पिवळे ते पिवळेच. ती म्हणाली, "काका, कांद्याचं ध्यानात हाय न्हवं?" मी म्हटलं, व्हय.

पुढच्या आठवड्यात मी सात दिवसांची रजा टाकली. अर्धा एकर म्हणजे किती, हे नोकरदार माणसाला सातबाऱ्यावर कळत नाही, बसून खुरपताना कळतं. पहिल्या दिवशी मी एक वाफा केला. दुसऱ्या दिवशी पाऊण. बायको शनिवारी आली, तिनं चार केले आणि मी केलेल्या वाफ्यातले उपटलेले कांदे माझ्यासमोर आणून ठेवले. तणाच्या भरात गेले होते. दादा रोज फोन करायचा, काही कळलं का. मी म्हणायचो, नाही. यापलीकडे मी काही बोलत नव्हतो. गावात कुणी विचारलं तरी नाही.

पोरीचा फोन आला तेव्हा मी सहाव्या वाफ्यात होतो. आबा बांधावर.

"काका, पहिले तीन दिवस लई वाईट गेले. चुकीचं बोलले. एकीला पुढं म्हणायचं तर माघारी म्हणाले."

"मग?"

"हसल्या. पर हालल्या. चौथ्या दिवसापास्नं मी काय म्हणती ते त्यांस्नी कळाय लागलं. जूनपर्यंत ठेवलंय. पहिल्यांदा राखीव म्हणून बाकड्यावर बसावं लागंल. मग बघू म्हणाले. पप्पांना मीच सांगितलं. ते म्हणाले, जून कुठं लांब हाय. मी म्हटलं, माझ्यासाठी लांब हाय."

आबांनी फोन घेतला. जेवलीस का, एवढंच विचारलं आणि परत दिला.

संध्याकाळी बाया कुणाच्या तरी रानातून परत निघाल्या होत्या. मावशी बांधावर थांबल्या. "काय कळलं?"

माझ्या तोंडाशी बरंच काही आलं. आतल्या आत एक टँकर उभाच होता. मी म्हणालो, "दुसऱ्या लीगच्या क्लबात. जूनपर्यंत. अजून बाकड्यावर आहे."

मावशींनी मान हलवली, जशी खऱ्या बातमीला हलवतात. मग माझ्या वाफ्यांकडे बघितलं. "हे काय खुरपलंय का कोंबड्या सोडल्या व्हत्या?"

त्यांनी पंचा पुन्हा डोक्याला बांधला. मागच्या सहाजणींना सांगितलं, अजून तासभर उजेड हाय. सहाही जणी खाली उतरल्या आणि आबांच्या कांद्यात रांग धरली. मावशी कडेला गेल्या. मी मधे सापडलो, आणि पाच मिनिटांत सगळ्यांच्या मागं.

"ओ जर्मनी," मावशींनी कडेवरून हाक मारली. "फुडं सरका."

बाया हसल्या. मी सरकलो.